शंभर किलोमीटरच्या आतले मीठ

आमच्या स्वयंपाकघरातला आयोडीनयुक्त मिठाचा डबा गेल्या पंधरवड्यात माळ्यावर गेला आणि ओट्यावर खडे मिठाची बरणी आली. त्याला कारण झाला आईच्या भिशीच्या ग्रुपवर फिरणारा एक संदेश. ‘शंभर किलोमीटरच्या आतले खा, निरोगी राहा’ या मथळ्याखाली त्यात पाच दावे आहेत. पूर्वज जवळचेच खात म्हणून निरोगी होते, दुरून आलेले अन्न ‘मृत’ असते, प्रदूषणाचे मूळ अन्नाचे मालट्रक आहेत, गुजरातेतून येणारे आयोडीनचे मीठ हा कंपन्यांचा डाव असून त्याऐवजी कोकणातले खडे मीठ किंवा सैंधव वापरावे, आणि असे केल्याने शेतकरी श्रीमंत होईल. एरवी मी असे संदेश न वाचता पुसून टाकतो. पण वहिनींना सहावा महिना लागला आहे, त्यामुळे मिठाचा मुद्दा मी आधी घेतो.

प्रथम अंतराचाच हिशेब पाहू. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ती सिंधुदुर्गातल्या शिरोड्याची मिठागरेसुद्धा आमच्या कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत बसत नाहीत, आणि सैंधवाची सर्वांत प्रसिद्ध खाण तर पाकिस्तानच्या पंजाबात खेवरा येथे आहे. लेखकाने आपलाच नियम चौथ्या मुद्द्यापर्यंत तरी लक्षात ठेवायला हवा होता. ‘समुद्राच्या मिठात आयोडीन नैसर्गिकच असते’ हे त्यातले वाक्य आईला विशेष पटले होते. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते हे खरे, परंतु मिठागरात पाणी आटून जे मीठ हाती येते त्यात ते नगण्य उरते आणि सैंधवाचीही तीच गत आहे. म्हणूनच ते वरून मिसळावे लागते.

केवळ जवळचे खाल्ल्याने काय होते, याचा पुरावा हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आहे. तिथल्या जमिनीत आयोडीन कमी, म्हणून धान्यात आणि भाजीत कमी, म्हणून माणसांत कमी. आपल्याच शेतातले खाणाऱ्या त्या लोकांत आयोडीनच्या कमतरतेने गळा सुजवणारा गलगंड घरोघरी होता. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले आणि एका भागाला साधे. काही वर्षांनी शाळकरी मुले तपासली तेव्हा पहिल्या दोन भागांत गलगंड झपाट्याने घटला होता आणि साध्या मिठाच्या भागात तो जवळजवळ तसाच होता. पुढे त्या भागालाही आयोडीनचे मीठ दिल्यावर तिथेही घटला. या कामाच्या बळावरच 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. गलगंड निदान डोळ्यांना दिसतो. गरोदरपणात आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर जो परिणाम होतो तो दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. गरोदर स्त्रीला रोज सुमारे 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, म्हणजे इतर प्रौढांच्या 150 पेक्षा बरेच अधिक. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरातून ते काढून टाकण्यात आले होते.

पूर्वजांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर सातासमुद्रापलीकडून आली; तांबडा रस्सा लाल करणारी ब्याडगी आजही हावेरी जिल्ह्याकडून येते, आणि पांढऱ्या रश्श्यातली खसखस तर आपल्या देशात सरकारी परवान्याखाली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातच पिकते. संदेश अक्षरशः पाळायचा तर दोन्ही रस्से बंद करावे लागतील, आणि हे कोल्हापुरात सांगण्याचे धाडस लेखकाने करून पाहावे.

प्रदूषणाबाबत पूअर आणि नेमेचेक या संशोधकांचा 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास पुरेसा आहे. 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांच्या माहितीवरून त्यांना असे आढळले की अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या, म्हणजे हवामान तापवणाऱ्या मिथेनसारख्या वायूंच्या, उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम 6 टक्के असतो. मोठा वाटा शेतातला आणि गोठ्यातला असतो. बोकड गल्लीतलेच असले तरी त्याच्या पोटातला मिथेन कमी होत नाही, आणि तूरडाळ लातूरहून ट्रकने आली तरी ती मटणापुढे या बाबतीत निरुपद्रवीच ठरते. विमानाने येणारा नाशवंत माल हा अपवाद आहे, पण भिशीतल्या बायका तो घेत नाहीत.

‘मृत अन्न’ या शब्दामागे मात्र अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. पालक किंवा मेथी दोन दिवस प्रवासात राहिली की तिच्यातले क जीवनसत्त्व खरोखर घटते, म्हणून पालेभाजी जवळची आणि ताजी घ्यावी. डाळी, गहू आणि कांद्याला हा नियम लावणे हास्यास्पद आहे.

राहिला शेतकरी. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गुजरात आहे. तिकडच्या लोकांनीही हाच संदेश मनावर घेतला तर आपल्या गुऱ्हाळघरांनी गूळ कोणाला विकायचा? शिवाय शंभर किलोमीटरच्या आतले खाण्याचा प्रयोग आम्ही ऑगस्ट 2019 मध्ये सक्तीने करून पाहिला आहे. पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता, जवळचे भाजीचे मळे पाण्याखाली होते, आणि सगळे शहर बाहेरच्या त्याच मालट्रकांची वाट पाहत होते.

एवढे ऐकल्यावर आई म्हणाली, “मग खड्याचं मीठ टाकून देऊ काय?” टाकू नको म्हटले, कैरीच्या लोणच्याला ठेव. डबा त्याच संध्याकाळी माळ्यावरून खाली आला. झाकण नीट लावलेले होते, म्हणून तेच मीठ पुन्हा आमटीत पडू लागले आहे.