पट्टा कुणाचा आवळायचा, हे आकडे ठरवत नाहीत

सरकारी खर्चाला कात्री लावायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: 'दुसरा पर्यायच नाही, आकडेच तसं सांगताहेत.' हे ऐकलं की मला ते ९० टक्क्यांचं प्रकरण आठवतं.

२०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध आला. सरकारी कर्ज जीडीपीच्या (म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो, सरासरी थेट उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात होतं. वेळही अशी की २००८ मध्ये बुडायला निघालेल्या बँकांना सावरता सावरता सरकारं नुकतीच कर्जात रुतली होती. मग काय, अमेरिकेत आणि युरोपात काटकसरवाल्या नेत्यांना आयतं शस्त्र मिळालं.

२०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून ते गणित पुन्हा मांडायला घेतलं. उत्तर जुळेना. मूळ एक्सेल फाइल मागवली (राइनहार्ट-रोगॉफ यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं), तर सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश आलेच नव्हते! शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळलेली. न्यूझीलंडचं एकच वाईट वर्ष, उणे ७.६ टक्क्यांचं, आणि ब्रिटनची २.४ टक्के सरासरीची एकोणीस वर्षं, दोघांना सारखंच वजन. हे सगळं दुरुस्त केल्यावर सरासरी निघाली अधिक २.२ टक्के. म्हणजे वेग थोडा मंदावतो, पण ९० टक्क्यांवर अचानक कोसळणं वगैरे काही नाही. आणि कर्जामुळे विकास मंदावतो की विकास मंदावल्यामुळे कर्ज वाढतं, हा प्रश्न उरतोच.

चुका कुणाच्याही होतात, त्या दोघांना झोडपण्यात मला रस नाही. (त्यांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्ष मात्र सोडला नाही.) मला खटकतं ते हे की इतका मोठा दावा तीन वर्षं का चालला? कारण तो सोयीचा होता. किमान वेतन वाढवलं तरी रोजगार घटेलच असं नाही, हे अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीतली फास्ट फूडची दुकानं तपासून १९९४ मध्ये दाखवलं, तेव्हा त्यांच्यावर मात्र इतर अर्थतज्ज्ञ तुटून पडले होते. सोयीच्या आकड्याला पायघड्या आणि गैरसोयीच्या आकड्याची उलटतपासणी, याला शास्त्र कसं म्हणायचं?

बाजार नकोच, असं माझं म्हणणं नाही. पण बँका बुडताना 'बाजाराचा निर्णय' कुणाला आठवला नाही, तेव्हा तिजोऱ्या उघडल्या. बिल आलं तेव्हा पेन्शनरांना आणि रुग्णालयांना शिस्तीचे पाठ मिळाले.

ग्रीसची गोष्ट थोडी वेगळी, त्यांना बाजारातून कर्जच मिळेना, त्यामुळे कर्ज देणाऱ्यांच्या अटी निमूट मानाव्या लागल्या. २०१३ मध्ये तिथली बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. त्याच वर्षी, कर्ज देणाऱ्यांपैकीच एक असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्याच अर्थतज्ज्ञांनी एका निबंधात लिहिलं की खर्चकपातीमुळे अर्थव्यवस्था किती आकसेल, याचा अंदाज आपण फार कमी धरला होता. नाणेनिधीचा तो निबंध आला म्हणून कापलेली पेन्शन कुणाला परत मिळाली नाही. उलट पुढच्या वर्षांत ग्रीसमध्ये आणखी कपात झाली.