सावंतवाडीच्या गंजिफेविषयी फिरणारा मजकूर: एक प्रतिवाद

सावंतवाडीच्या गंजिफेविषयी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांविषयी, एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरताना दिसतो. पत्त्यांचा खेळ मूळचा भारतातला असून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेवरूनच युरोपातले बावन्न पत्ते तयार झाले, इंग्रजांनी ही कला बंदी घालून बुडवली, तरीही राजवाड्यात ती शतकानुशतके अखंड चालत राहिली आणि आता भौगोलिक मानांकनामुळे ती कायमची सुरक्षित झाली, असा त्याचा आशय असतो. सावंतवाडीवरच्या प्रेमापोटी लोक तो पुढे पाठवतात. ते प्रेम मलाही आहे, म्हणूनच हे चारही दावे तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा उगमाचा. युरोपात पत्त्यांचे उल्लेख १३७०च्या दशकापासून मिळतात आणि चीनमधील उल्लेख त्याहूनही जुने आहेत. इजिप्तच्या मामलुक राजवटीतील पत्ते हे युरोपीय पत्त्यांचे जवळचे पूर्वज मानले जातात. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेल्या त्या संचात चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत, आणि इटली व स्पेनच्या पारंपरिक पत्त्यांवर आजही चषक, नाणी, तलवारी आणि दंड हेच चार रंग दिसतात. याउलट भारतातील गंजिफेचा सुरुवातीचा स्पष्ट उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आहे: सिंधच्या शाह हसनला गंजिफेची आवड होती, म्हणून १५२७ मध्ये बाबराने त्याला पत्ते पाठवले. तोवर युरोपात पत्ते खेळले जाऊ लागून दीड शतक उलटले होते. गंजिफा हा शब्दही आपल्याकडे फारसीतून आला.

मात्र इथे थांबणे अन्यायाचे ठरेल. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या ज्या संचाचे वर्णन केले आहे, त्यातील राजांची नावे अश्वपती, गजपती, नरपती, धनपती, दलपती अशी आहेत, आणि बारा ही संख्या प्राचीन ऋषींनी ठरवल्याचे तो लिहितो. तेव्हा बाहेरून आलेला हा खेळ सोळाव्या शतकातच इथल्या कल्पनाविश्वात पुरता रुजला होता, असे म्हणता येते. अबुल फजलनेच सांगितलेला अकबराचा सुधारित संच आठ रंगांचा, म्हणजे ९६ पानांचा होता. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग होतात आणि पाने १२० भरतात, परंतु प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने हीच रचना कायम राहते. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी श्रेष्ठ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ, हा मुघली गंजिफेतील नियमही तिने ठेवला. त्यावर तिने स्वतःची भर घातली: दिवसा खेळताना ज्याच्या हाती रामाचे राजाचे पान असते तो सुरुवात करतो आणि रात्री खेळताना ज्याच्या हाती कृष्णाचे असते तो. मला या भरीतच खरे कर्तृत्व दिसते. शिवाय ही भर एकट्या सावंतवाडीची नाही. ओडिशा आणि बंगालमधील बिष्णुपूर इथेही दशावतारी पत्ते रंगवले जात आले आहेत.

इंग्रजांच्या बंदीचा दावा करणारा मजकूर त्या हुकमाचे वर्ष सांगत नाही की कागद दाखवत नाही. गंजिफा मागे पडण्याचे कारण तिच्या घडणीतच सापडते. चिंचोक्याची खळ लावून थर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन घोटायचे, गोल पाने कापायची, प्रत्येक पान हाताने रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा, असे शंभरावर पानांचे काम यंत्रावर छापलेल्या स्वस्त जोडापुढे बाजारात टिकणे अशक्य होते. बावन्न पत्त्यांचे खेळ शिकायलाही सोपे होते. वसाहतीच्या व्यापाराने ते छापील जोड इथे आणले हे खरे, पण त्याला बंदी म्हणता येत नाही.

अखंड परंपरेचा दावा मला सर्वांत अधिक खटकतो, कारण तो माणसांचे श्रम पुसून टाकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा जवळजवळ संपली होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती समजून घेतली, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हे केंद्र उभे केले आणि तिथे नव्या कारागिरांचे हात तयार केले. राजवाड्याच्या दरबार सभागृहात बसून चित्रकार पाने रंगवताना पाहुण्यांना दिसतात, ती व्यवस्था या प्रयत्नातून आली. परंपरा अखंड होती असे म्हटले की शिकवणाऱ्या चिताऱ्याचे नाव गळते आणि शिकणाऱ्यांची चिकाटीही दिसेनाशी होते.

भौगोलिक मानांकन सावंतवाडीच्या गंजिफेला २०२४ मध्ये मिळाले, याचा आनंद योग्यच आहे. पण १९९९च्या कायद्याखालील ही नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. दुसरीकडे बनवलेला माल सावंतवाडीच्या नावाने विकण्यास ती आडकाठी करते, नव्या हाताला कुंचला धरायला ती शिकवत नाही. आज बहुतेक संच भेटवस्तू म्हणून किंवा चौकटीत लावण्यासाठी घेतले जातात. वामनापर्यंतच्या पाच अवतारांच्या रंगांत एक ते दहा या पानांची श्रेष्ठता एका क्रमाने आणि परशुरामापासूनच्या पाचांत उलट क्रमाने, हे खेळणाऱ्याला पाठ असते. केवळ भिंतीवर टांगणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही.