चिखलात पडलेला गडी आणि आपले हसणे

मागच्या जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेत मसाई पठारावर घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही. सकाळी पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी एक तरुण, सह्याद्रीतले बहुतेक गड आपण पायाखाली घातले आहेत, असे सगळ्यांना सांगत होता. पठारावरच्या चिखलात त्याच्या कोऱ्या बुटाचा सोल निघाला आणि तो पाठीवर आपटला. त्याला उठवायला एक हात पुढे येण्याआधी पाच-सहा मोबाइल बाहेर आले, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपवर फिरलासुद्धा.

रानावनात फजिती होणारी पात्रे मला लहानपणापासून अतिशय आवडतात. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या पुस्तकात टेम्स नदीवर नौकाविहाराला निघालेले तीन मित्र अननसाचा डबा घेतात आणि तो उघडायचे साधन घरी विसरतात. एक जण चाकूने हात कापून घेतो, दुसऱ्याच्या कात्रीने त्याचाच डोळा जाता जाता वाचतो, तिसरा पाण्यात पडतो. शेवटी दगड आणि डोलकाठीने ठोकून ठोकून चेपलेला, पण न उघडलेला तो डबा नदीत भिरकावला जातो. हे वाचताना आपण पोट धरून हसतो, पण त्या तिघांविषयी मनात तुच्छता येत नाही, कारण सांगणारा स्वतःच त्या तिघांतला एक आहे.

चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीतला विंकल तर माझा विशेष लाडका. शिकारी म्हणून मिरवणारा हा गृहस्थ कावळ्यांवर नेम धरतो आणि मित्राचाच दंड जखमी करतो. पुढे बर्फावर घसरण्याच्या खेळातही तो असाच तोंडघशी पडतो. तेव्हा या मित्रमंडळाचे म्होरके पिकविक काय करतात, हे पाहण्यासारखे आहे. ते आधी त्याच्या पायांतले स्केट काढायला लावतात, त्याला उठवतात, बघ्यांपासून चार पावले बाजूला नेतात आणि हलक्या पण ठाम आवाजात ‘तू ढोंगी आहेस’ असे सुनावतात. थोड्याच वेळात बर्फ फुटून पिकविक स्वतः पाण्यात जातात, तेव्हा त्यांना बाहेर काढायला सगळी मंडळी धावतात.

मला वाटते, या विनोदाचा सगळा जीव त्या चार पावलांत आहे. बढाईला हसावे, जरूर हसावे, आमच्या कोल्हापुरात तर ते हक्काने होते. पण पडलेल्या माणसाला चारचौघांत तसेच पडलेले ठेवून हसणे हा विनोद नव्हे.

त्या दिवशी पाठीमागून येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी पिशवीतून सुतळी काढून त्याचा बूट आवळून बांधला आणि त्याच बुटावर तो पावनखिंडीपर्यंत चालला. हे व्हिडिओत नाही. ज्यांच्याकडे तो अजून असेल, त्यांनी कृपया काढून टाकावा.