‘लघवीचा त्रास विचारला की कळतो’ म्हणणाऱ्यांना

बेळगाव-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय: लघवीचा त्रास ज्याचा त्यालाच ठाऊक, डॉक्टरांनी तोंडी विचारलं की झालं. तीन दिवस लघवी कधी आणि किती झाली ते मोजून डायरीत लिहायला लावणं, धार बघायला मशीनवर उभं करणं, हे पैसे काढायचे धंदे. आणि रात्री उठावं लागलं की प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा त्रास समजायचा. दवाखान्यात फॉर्म भरून घ्यायच्या टेबलावर मी बसते, म्हणून हे उत्तर.

‘ज्याचा त्यालाच ठाऊक.’ त्रास किती होतो, ते त्यालाच ठाऊक, मान्य. आकड्याचं तसं नाही. दिवसाला किती वेळा जाता असं विचारलं की माणूस सगळ्यात वाईट दिवस आठवून सांगतो. बायकांवरच्या २००९ सालच्या एका अभ्यासात दिवसाचा तोंडी आकडा डायरीतल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला. रात्रीचा बऱ्यापैकी जुळला. झोपमोड लक्षात राहते, दुसरं काय!

‘तोंडी विचारलं की झालं.’ विचारायचं काय, हे तरी बघा. प्रोस्टेटसाठी जगभर चालणारा तक्ता अमेरिकेतल्या यूरॉलॉजी संघटनेने १९९२ साली आणला. सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ५ गुण, सगळे गेल्या महिन्याबद्दल. ‘निम्म्यापेक्षा कमी वेळा’, ‘साधारण निम्म्या वेळा’ अशातून उत्तर निवडायचं. खानापूरकडच्या एका आजोबांना मी हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, ‘होतंय की मधनंमधनं. निम्मं कोण मोजत बसतंय, बाई?’ सून औषधं आणायला गेली तेव्हा हळूच बोलले, धोतर ओलं होतं म्हणून. त्या सात प्रश्नांत लघवी गळते का, हा प्रश्नच नाही! आमच्याकडे तर फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजीत, दुखणं मराठीत आणि मध्ये मुलगा नाहीतर सून. बापाची लाज त्यांनी कशी सांगायची?

‘डायरी म्हणजे शिकलेल्यांचं खूळ.’ एक खुणांचा प्लास्टिकचा मग लागतो आणि घड्याळ. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा. डायरीतही लबाडी होते, हे मात्र खरं. तीन दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या, वेळा सगळ्या आठ, दहा, बारा आणि माप दरवेळी २०० मिली. अशी डायरी आली की मी पुन्हा कोरा कागद हातात देते.

‘रात्री उठावं लागलं की प्रोस्टेट.’ सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं. समजा, २४ तासांत १,८०० मिली लघवी झाली आणि त्यातली ८०० झोपेच्या वेळेतली, सकाळी उठल्यावरची पहिली धरून. वय झालेल्या माणसात रात्रीचा वाटा एक तृतीयांशापेक्षा (इथे ६०० मिलीपेक्षा) जास्त असेल, तर रात्री लघवी तयारच जास्त होतेय. त्यामागे पायांवरची सूज असेल, हृदय असेल, झोपेत श्वास अडकणं असेल, नाहीतर संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी बीपीची गोळी. तिथे प्रोस्टेटची गोळी काय करणार? दिवसरात्र सारखीच भरपूर होत असेल, तर आधी साखर तपासा. हे सगळं मगावर दिसतं, तोंडी कधीच कळत नाही. आणि रात्री उठणाऱ्या बायकांनी प्रोस्टेट कुठून आणायची, तेही मेसेजवाल्यांनी सांगावं.

‘धार बारीक झाली की आपल्याला कळतंच.’ वर्षानुवर्षं हळूहळू बारीक होत गेलेली धार ‘वयाप्रमाणे’ वाटायला लागते. मूत्राशयात लघवी मागे राहते तीही पुष्कळांना जाणवत नाही, सोनोग्राफीतच दिसते. मशीनही सर्वज्ञ नाही: दीडशे मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर मशीनने काढलेला धारेचा आलेख फारसा कामाचा नाही, आणि धार कमी का, अडथळ्याने की मूत्राशय थकल्याने, हे एकट्या आलेखावरून ठरत नाही. म्हणून तर माणसाला विचारायचंही असतं. रात्री दोनदा उठणारा एक जण निवांत पुन्हा झोपतो, दुसरा चोर्ला घाटात गाडी चालवणारा ड्रायव्हर दिवसभर पेंगतो. आकडा एकच, उपचार एकच नसणार.

राहिला पैशाचा मुद्दा. मशीनला पैसे पडतात, डायरीला मगाचे. लघवी पूर्ण तुंबली किंवा रक्त आलं तर डायरी बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. एरवी नेहमीसारखे तीन दिवस निवडा; सौंदत्तीच्या यात्रेचे किंवा घरच्या लग्नाचे नकोत.