मावशीची वाटी आणि निळी ज्योत

रविवारी भर दुपारी मावशीने स्टीलच्या वाटीत दोन चमचे सॅनिटायझर ओतलं, काडी लावली आणि व्हिडिओ पाठवला. "बघ गं, निळी ज्योत! आपलं अस्सल निघालं." मागे गॅसची शेगडी चालूच.

हे शिकवलं एका फॉरवर्डने. त्याचं म्हणणं असं: निळी ज्योत म्हणजे शुद्ध माल, कणकेत घालून बघा, चिकट झाली तर खोटा, हाताला लावल्याने काही होत नाही, आणि अमेरिकेने मेक्सिकोचे सॅनिटायझर अडवले ते निव्वळ स्वतःच्या कंपन्यांसाठी.

आधी ज्योत. अहो, मिथेनॉल हे विषारी अल्कोहोलही पेटतं! त्याची ज्योत फिकट निळी असते, उजेडात तर जेमतेम दिसते. म्हणजे विझलं समजून मावशी वाटीत बोट घालणार. उलट सॅनिटायझरमध्ये चालणारं, रबिंग अल्कोहोल म्हणून विकलं जाणारं आयसोप्रोपिल पिवळट जळतं. या परीक्षेत विष पास आणि खरा माल नापास. कणकेचं तर बोलायलाच नको, कुठलं अल्कोहोल आहे हे कणकेला काय कळणार?

आता अमेरिकेची बंदी. जून २०२० मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामक संस्थेने, एस्कबायोकेम या मेक्सिकन कंपनीचा माल तपासला. लाव्हार जेलमध्ये ८१ टक्के मिथेनॉल निघालं आणि इथेनॉल, म्हणजे जे असायला हवं ते अल्कोहोल, शून्य. कंपनीला बाजारातून माल काढा म्हणून सांगितलं, तिने काढला नाही, मग एफडीएने लोकांनाच सावध केलं. एप्रिल ते डिसेंबर २०२० या काळात तपासलेल्या मेक्सिकन नमुन्यांपैकी ८४ टक्के नियमात बसले नाहीत. तेव्हा कुठे जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मेक्सिकोच्या अल्कोहोल सॅनिटायझरवर आयात-इशारा लागला, म्हणजे माल सीमेवरच अडवायची मुभा. कुणाचा धंदा वाढलाही असेल, पण म्हणून बाटलीतलं मिथेनॉल खोटं ठरतं का?

हाताला लावण्याबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धं खरं बोलतो, नाइलाजाने मान्य करते. गंभीर विषबाधा बहुतेक पोटात गेल्यावरच होते. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या अहवालात मे-जून २०२० मधले अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचे १५ रुग्ण आहेत. सगळ्यांनी सॅनिटायझर प्यायलं होतं. चौघे दगावले, तिघे घरी गेले ते नजर अधू होऊन. यकृतात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर जातं. त्रास सुरू व्हायलाही कित्येक तास लागतात, तोवर माणूस नुसता झिंगल्यासारखा वाटतो. आणि मावशीकडे दोन वर्षांचा नातू आहे, त्याला दिसेल ते तोंडात घालायची सवय.

"ते मेक्सिकोचं, आपल्याकडचं चांगलं असतं," हे तिचं उत्तर. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीने २०२० मध्ये १२२ नमुने तपासले, त्यातल्या ५ मध्ये मिथेनॉल होतं. प्रयोगशाळेत, वाटीत नव्हे.

फोन केला तेव्हा मावशी म्हणाली, "बरं बाई, नाही पेटवत. पण वाटीचा काळा डाग कशाने जाईल?"