फ्रिजमध्ये हीटर असतो म्हणे

काल समोरच्या काकूंनी मला वाटीभर तूप आणून दिलं. वाटी म्हणजे देवापुढे नैवेद्याला ठेवतात तेवढी. "घे, घरचं आहे," म्हणाल्या. घरचं होतंच. माझ्या घरचं. बारा दिवसांची साय होती ती.

झालं असं, की मे महिन्याच्या ऐन उकाड्यात आमच्या फ्रिजने वरच्या मजल्यावर हिमालय आणि खालच्या मजल्यावर पुणे अशी वाटणी करून घेतली. फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा आणि खाली दूध संध्याकाळपर्यंत नासलेलं. आतून पंख्याचा करकर आवाज. फ्रिज नऊ वर्षांचा, दोन दारांचा, फ्रॉस्ट फ्री. कंप्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची, बाकी सगळ्याची एक. त्यामुळे कंप्रेसर ठणठणीत होता. वॉरंटीतली वस्तू बिघडली असं मी आजवर ऐकलेलं नाही.

मेकॅनिक आला. बावीस-तेवीस वर्षांचा, शिडशिडीत, पाठीला कॉलेजची सॅक. सामान बाहेर काढायला लागणार म्हणताच समोरचं दार उघडलं आणि काकू आल्या. "माझ्याकडे ठेव रे सगळं. माझा फ्रिज अर्धा रिकामाच असतो. मी ताजं खाते."

शेवटचं वाक्य नीट वाचा. पुढचं सगळं त्यातच होतं.

काकूंनी आधी चष्मा लावला. एक खुर्ची ओढून आमच्या उंबऱ्यात घेतली, म्हणजे दोन्ही फ्लॅटची दारं उघडी, मध्ये लिफ्ट, आणि मी एकेक वस्तू घेऊन त्यांच्यासमोरून जायचं. जकात नाकाच.

"हे काय?"

"चटणी."

"कसली?"

ते मला माहीत नव्हतं. काकूंनी झाकण उघडून वास घेतला आणि काही न बोलता डबा बाजूला ठेवला. त्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास झाला.

मग वाट्या निघाल्या. अकरा वाट्या. प्रत्येकीत दोन-दोन चमचे काहीतरी. "ही वरणाची वाटी कुणाची वाट बघतेय?" काकूंनी विचारलं. लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेर आले. त्यांना तिसऱ्यावर जायचं होतं, आम्ही दुसऱ्यावर. तरी ते बाहेर आले, भाजीची पिशवी हातात धरून उभे राहिले. "काय, फ्रिज का?" म्हणाले आणि हलले नाहीत.

"सॉसच्या पुड्या," काकू मोजत होत्या, "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. हॉटेल काढतोयस का रे?"

"त्या पिझ्झाबरोबर येतात, काकू."

"म्हणजे पिझ्झे किती झाले ते बघ."

तिसऱ्या मजल्याने मनातल्या मनात भागाकार केलेला मला दिसला.

पेन्सिल सेल निघाले. थंडीत सेल जास्त टिकतात असं मला कुणीतरी सांगितलं होतं, पण उंबऱ्यात हे सांगायला धीर होईना. डोळ्यांचे थेंब निघाले. "उघडल्यावर महिन्यात टाकायचे असतात हे. तू डोळ्यात घालतोस का अजून?" अर्ध्या लिंबाची सुपारी झालेली होती. आणि मग मागच्या कोपऱ्यातून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, खिरापत.

"ही गणपतीतली?"

"हो."

"येत्या गणपतीची तयारी का?"

मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आहे. माझ्या हाताखाली ऑफिसात नऊ जण काम करतात. त्यांच्यापैकी कुणी त्या वेळी जिन्यावरून आलं असतं तर सोमवारी मी राजीनामाच दिला असता.

तेवढ्यात आतून मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हीटर गेलाय."

मी गॅलरीतून बाथरूमकडे बघितलं. गीझर तर चालू होता.

"फ्रिजचा हीटर," तो म्हणाला.

काकू हसल्या. अशा हसल्या की तिसऱ्या मजल्यालाही हसावं लागलं. "फ्रिजमध्ये हीटर! उद्या म्हणेल, गीझरमध्ये बर्फाचा ट्रे बसवायचाय."

त्या पोराने फ्रीझरची मागची प्लास्टिकची पाटी काढून दाखवली. पलीकडे बर्फाची भिंत. "हे बघा, सगळं गोठलंय."

"मग गोठणारच की! फ्रिज आहे तो," काकू म्हणाल्या. "बर्फ होतोय म्हणजे चांगला चाललाय."

आणि मी, ज्याने बारावी सायन्सला केलं होतं, मी मान डोलावली. हे लिहिताना अजून कानाची पाळी गरम होते. पोराने आणखी दोन वाक्यं समजावलं, मग पाटी बसवली, तीनशे पन्नास रुपये व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. जाताना त्याने माझ्याकडे नाही, फ्रिजकडे बघितलं. रोग्याला अडाणी नातेवाइकांच्या स्वाधीन करताना डॉक्टर बघतो तसं.

दुसरा मेकॅनिक काकूंच्या भाच्याच्या ओळखीचा. पन्नाशीचा, भारदस्त, कपाळाला टिळा. त्याने फ्रिजवर एक थाप मारली आणि म्हणाला, "गॅस गेलाय."

काय बरं वाटलं म्हणून सांगू! गॅस हा कसा ओळखीचा शब्द. पोटातला, सिलिंडरमधला, फ्रिजमधला. काकूंनी 'मी म्हटलंच होतं' अशी मान हलवली, जरी त्यांनी असं काही म्हटलेलं नव्हतं. अठ्ठावीसशे रुपये. दुपारभर फ्रिज बंद, दारं सताड उघडी, मागे नळी लावून काहीतरी फुस्स झालं. संध्याकाळी फ्रिज चालू. खालीसुद्धा गारेगार. आम्ही त्याला चहा दिला. पहिल्याला पाणीही विचारलं नव्हतं.

दहा दिवसांनी करकर परत.

आता मला जे कळलं ते सांगतो, कारण त्यासाठी मी एकतीसशे पन्नास रुपये मोजलेत आणि ते कुठेतरी वसूल झाले पाहिजेत. दोन दारांच्या फ्रिजमध्ये थंडी तयार होते ती एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या त्या पाटीमागे. तिथल्या जाळीवरून पंखा हवा फिरवतो आणि तीच हवा खाली उतरते. जाळीवर हवेतली वाफ गोठत राहते. ती वितळवायला ठरावीक तासांनी एक छोटा हीटर काही मिनिटं लागतो. होय, हीटर. वितळलेलं पाणी नळीने मागे उतरतं आणि कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये त्याच्याच उष्णतेने उडून जातं. हीटर गेला की जाळीचा बर्फाचा ठोकळा होतो, पंख्याची पाती त्याला घासतात, हवा अडते. वर काश्मीर, खाली आपण. आणि गॅस? तो बंद नळ्यांमधून फिरत असतो, पेट्रोलसारखा संपत नाही. गळती असेल तरच जातो, आणि गेला तर बर्फ तरी कशाचा होणार? आमच्या फ्रिजमागच्या पट्टीवर आर-६००ए (हे त्या गॅसचं नाव), ४८ ग्रॅम असं लिहिलेलं आहे. शेंगदाण्याच्या पुडीएवढा माल. अठ्ठावीसशे.

मग दहा दिवस फ्रिज चालला कसा? दारं दुपारभर उघडी होती म्हणून. बर्फ वितळला. टिळेवाल्याऐवजी आम्ही नुसतं दार उघडून बसलो असतो, तरी एवढाच गुण आला असता. फोन केला तर तो म्हणाला, "फ्रिज जुना झालाय, नवीनच घ्या." नऊ वर्षं म्हणजे जुना! आमच्या लहानपणी फ्रिज हॉलमध्ये असायचा, त्याला कुलूप-किल्ली असायची, हँडलला क्रोशाचं कव्हर असायचं आणि तो घरातल्या मुलांची लग्नं बघायचा. तो कधी बिघडलाच तर ज्याला त्यातलं कळतं तो माणूस स्क्रू काढून बघायचा. आता स्क्रू न काढणाऱ्यालाच आपण भारदस्त म्हणतो. यात टिळेवाल्याची चूक किती आणि माझी किती, हा हिशोब मी मुद्दाम करत नाही.

पहिल्या पोराला फोन करायचं काम मी बायकोवर ढकललं. तो गावाला गेला होता, तीन दिवसांनी येणार. तोवर सामान पुन्हा काकूंकडे. या वेळी मी अंधार पडल्यावर, पिशव्यांमधून नेलं. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, हीटर आणि बायमेटल (बर्फ वितळला की हीटर बंद करणारा छोटा स्विच) त्यानेच आणलं, दोन्ही मिळून साडेआठशे. पाऊण तासात बसवलं. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणेल म्हणून मी तयारीत होतो, चहाबरोबर बाकरवडीही ठेवली होती. तो काहीच म्हणाला नाही. बाकरवडी मात्र सगळी खाल्ली.

काकूंनी एकेक वस्तू मोजून परत दिली. सत्तावीस पुड्या, सेल, अकराही वाट्या (घासून). सायीचा डबा काही दिसेना.

"अरे, ती आंबट व्हायला लागली होती," काकू म्हणाल्या. "म्हटलं वाया कशाला जायची? लोणी काढलं, कढवलं. बेरी छान निघाली, साखर घालून मुलांना दिली."

कुठल्या मुलांना, ते मी विचारलं नाही. त्यांची मुलं अमेरिकेत आहेत. तिसऱ्या मजल्यावर मात्र दोन आहेत.

वाटी सकाळपासून धुऊन ओट्यावर पडली आहे. रिकामी परत द्यायची नसते, असं बायको म्हणते. त्यात घालायला ती आत्ता बेसन भाजतेय. तुपात.