सोळा चौकोन आणि नाना

हिपहॉपची बीट बनवायला काय लागतं? एक लॅपटॉप, बरे हेडफोन, फुकटात उतरवलेलं सॉफ्टवेअर, आणि घरात भजनी मंडळातलं कोणी नसणं. शेवटची अट आमच्याकडे पुरी होणं शक्य नव्हतं. आमच्या नानांची उभी हयात पखवाजावर गेली आहे.

सॉफ्टवेअर उघडलं की समोर सोळा चौकोनांच्या ओळी येतात. एक ओळ किकची, म्हणजे ड्रमच्या खर्ज ठोक्याची, एक स्नेअरची, म्हणजे कडक ठोक्याची, एक हाय-हॅटची, म्हणजे छोट्या झांजांची. ज्या चौकोनावर क्लिक कराल तिथे आवाज. पहिल्यात किक, पाचव्यात आणि तेराव्यात स्नेअर, वेग ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, की कुणाचीही मान आपसूक हलायला लागते. इथवर पोचायला काहीच वेळ लागत नाही. सुतावरून स्वर्ग गाठायला निघालेला माणूस पुढे मात्र त्या सुतालाच लटकून राहतो.

कारण किक निवडायची असते. एकेका सॅम्पल पॅकमध्ये, म्हणजे तयार आवाजांच्या गठ्ठ्यात, शेकडो निघतात. रात्री जेवणं आटोपली की मी ऐकायला बसतो. धप्. धप्प. ढुप्. धुम्. लग्नाचा बस्ता बांधायला गेलेल्या बायकांना मी यापुढे जन्मात हसणार नाही. ढीगभर उलगडून झाल्यावर पहिलीच बरी होती असं वाटतं, आणि ती कुठल्या फोल्डरात होती ते देवालाच ठाऊक.

एका रात्री नाना पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे येऊन थांबले.

"सोळा मात्रा?"

"हो."

"मग नवव्यावर खाली हवी, बिनदणक्याची मात्रा. तिथे कसला दणका देतोयस? आणि सम कुठंय?"

"हा पहिला चौकोन. दर वेळी तिथेच येतो."

"येतोस कुठला? तू समेवरच ठाण मांडून बसलायस. आधी लांब जावं लागतं, मग येता येतं."

मी बाजू लढवली. म्हटलं, नाना, ही कलाच तेच ते वाजवण्यातून निघाली. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, सेज्विक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची इमारत. शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायचे म्हणून एका मुलीने पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, रेकॉर्डी वाजवायला उभा राहिला. गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा आला की नाचणारे पेटतात, हे त्याने हेरलं होतं. पण तो तुकडा संपतो पटकन. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे समोर नाचणारे होते."

"हो."

"तुझ्यासमोर कोण आहे?"

समोर भिंत होती.

मग ८०८चं प्रकरण झालं. रोलँड कंपनीचं हे ड्रमचं यंत्र १९८० साली आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फारसं चाललं नाही, १९८३ मध्ये बंदही झालं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि हिपहॉपवाल्यांनी उचललं. त्याची लांबलचक घुमणारी किक इतकी खालच्या स्वरात असते की लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला ती पेलतच नाही. त्यामुळे ती मला ऐकू येईना. मी वाढवली. तरी येईना. आणखी वाढवली. मग नानांच्या मंडळाचा मोठा स्पीकर जोडला. कपाटातले पेले एकमेकांवर आपटले, आणि खालच्या काकूंनी फोन करून विचारलं, "अहो, तिसऱ्या मजल्यावर बोअरिंग घेताय का?"

बायको एवढंच म्हणाली, "तू पूर्वी क्रिकेट बघायचास ते बरं होतं."

मी ठरवलं, आता डेट्रॉइटच्या जे डिला या बीट बनवणाऱ्याचा रस्ता धरायचा. एमपीसी, म्हणजे बोटांनी बटणं दाबून ठोके वाजवायचं यंत्र, त्यावरचे ठोके नेमक्या खणात खेचून बसवणारी सोय, म्हणजे क्वांटाइझ, तो बऱ्याचदा बाजूला ठेवायचा आणि हाताने वाजवायचा. त्यामुळे ठोका जरासा मागे रेलतो. तो २००६ मध्ये गेला. त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मीही क्वांटाइझ बंद केलं. पण त्याचा ठोका मागे रेलतो आणि माझा मागे राहतो. नानांना दोन्ही ऐकवलं. डिलाला त्यांनी मांडीवर ताल धरला. "याला लय पक्की ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम उशिरा येतो," म्हणाले. माझ्या वेळी ते पाणी प्यायला गेले.

परवा मात्र स्वतःहून आले. सकाळच्या रियाजाला टाळ धरायला कोणी नसतं, तुझ्या यंत्रात होईल का? आठ मात्रा, भजनी ठेका, लय हळूहळू चढती. माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक! मी त्यांच्याच हातात टाळ देऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं, लॅपटॉपवर घेतलं, प्रत्येक ठोका त्याच्या त्याच्या खणात चोख बसवला आणि ऐकवलं.

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोण वाजवतंय हे?"

"तुम्हीच."

"मी इतका सरळ कधी वाजवला? आधी ते बटण काढ."